थकलेल्या हातांत बाळ

पवित्र कुटुंबाचा सण

पहिले वाचन : बेनसिरा ३:२-६, १२-१४
दुसरे वाचन : कलस्सैकरांस पत्र ३:१२-२१
शुभवर्तमान : लूक २:२२-४०

प्रस्तावना

नाताळचा आनंद अजून आपल्या घरांत ताजा आहे. अंगणात तारा लुकलुकतो आहे, गोठ्यापुढे मेणबत्ती जळते आहे, डब्यात थोड्या नेवऱ्याही शिल्लक असतील. अशा वेळी देऊळमाता आपल्यापुढे नाझरेथचे पवित्र कुटुंब ठेवते. पण आजच्या शुभवर्तमानात येशू, मरिया आणि योसेफ हे तिघेच नाहीत. त्यांच्याबरोबर शिमोन आहे आणि हन्नाही आहे. रक्ताच्या नात्याने ही दोघे त्या कुटुंबातील कुणीच नव्हती. तरीही पवित्र कुटुंबाच्या सणाला त्यांच्यावाचून शुभवर्तमान पूर्ण होत नाही.

आज या दोघांविषयी बोलण्यास आणखी एक कारण आहे. येत्या जानेवारीत आपल्या धर्मग्रामातील ज्येष्ठांसाठी चित्रकलेचे हिवाळी वर्ग सलग दुसऱ्या वर्षी भरणार आहेत. गेल्या वर्षी काहींनी त्यांचे स्वागत केले, तर काहींनी विचारले, "फादर, देवळाच्या हॉलमध्ये रंगकाम कशाला? म्हाताऱ्या माणसांनी चार प्रार्थना कराव्यात, ते बरे." प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही आजच्या शुभवर्तमानातूनच शोधू या.

मनन-चिंतन

मोशेच्या नियमानुसार मरिया व योसेफ आपल्या पहिल्या मुलाला प्रभूला अर्पण करण्यासाठी यरुशलेमला आले. कोकरू देण्याची ऐपत नसलेल्या गरिबांसाठी नियमाने पक्ष्यांच्या जोडीची सवलत ठेवली होती, आणि या कुटुंबाचे अर्पण तेच होते. मंदिर गजबजलेले असणार. याजक होते, लेवी होते, दूरदूरचे यात्रेकरू होते. त्या गर्दीत एक गरीब जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळ यांच्याकडे कोण पाहणार? पण दोघांनी पाहिले. हन्ना ८४ वर्षांची विधवा होती, हे लूक आवर्जून सांगतो. शिमोनाचे वय तो सांगत नाही. पण ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही, असे वचन पवित्र आत्म्याने त्याला दिले होते. त्या वचनावर त्याने आयुष्य काढले होते, म्हणून परंपरेने त्याला वृद्ध मानले आहे.

यापुढची गोष्ट आपण नेहमी घाईने वाचतो. शिमोनाने बाळाला आपल्या हातांत घेतले, असे लूक लिहितो. त्याने घेतले, म्हणजे कुणीतरी ते दिले असणार. मरिया पहिलटकरीण होती आणि बाळ जेमतेम ४० दिवसांचे होते. समोरचा माणूस अनोळखी आणि म्हातारा होता. "राहू द्या आजोबा, हात कापतात तुमचे, पडेल," असे ती म्हणाली नाही. स्वर्ग आणि पृथ्वी ज्याला सामावून घेऊ शकत नाहीत, त्याला तिने एका थकलेल्या माणसाच्या हातांत ठेवले.

मग काय झाले? शिमोनाची जीभ मोकळी झाली. हे बाळ साऱ्या राष्ट्रांचा प्रकाश आहे, असे त्याने सांगितले. मरियेच्या काळजातून तलवार जाईल, हे कठोर सत्यही त्यानेच सांगितले. त्यानंतर हन्ना पुढे आली आणि मुक्तीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला बाळाविषयी सांगू लागली. वृद्ध हातांत काहीतरी दिले, तेव्हा वृद्ध ओठांतून काहीतरी मिळाले. मरिया आणि योसेफ त्या दिवशी मंदिरातून परतले, तेव्हा त्यांना आपल्या बाळाविषयी आधीपेक्षा अधिक कळलेले होते.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराने हा प्रसंग रंगवला आहे. १६३१ साली, पंचविशीत असताना त्याने काढलेल्या चित्रात प्रचंड मंदिर आहे, उंच खांब आहेत, पायऱ्यांवर गर्दी आहे आणि मधे उजेडात छोटीशी माणसे आहेत. १६६९ साली तो ६३ व्या वर्षी मरण पावला, तेव्हा त्याच्या चित्रशाळेत याच विषयाचे एक अपुरे चित्र सापडले. आदल्याच वर्षी त्याने आपला तरुण मुलगा गमावला होता. या शेवटच्या चित्रात मंदिर नाही, खांब नाहीत. जवळजवळ मिटल्या डोळ्यांचा एक म्हातारा आहे, मागे अंधारात एक स्त्री आहे आणि म्हाताऱ्याच्या ताठ पसरलेल्या दोन हातांवर बाळ आहे. तरुणपणी त्याला देऊळ दिसले होते, म्हातारपणी हात दिसले. वय झाल्यावर नजर अधू होते हे खरे, पण कशाकडे पाहायचे हे अशा नजरेला अधिक चांगले कळू शकते.

आता आपण आपल्या घराकडे वळू या. आपल्या घरातील वृद्धांच्या हातांत आपण काय देतो? सकाळी गोळ्या देतो, दुपारी टीव्हीचा रिमोट देतो, संध्याकाळी परदेशी असलेल्या मुलाचा फोन देतो. हे सारे प्रेमाने केलेले असते आणि त्याबद्दल मुलाबाळांचे कौतुकच केले पाहिजे. पण यांत एक गोष्ट राहून जाते. आपण त्यांच्यासाठी सगळे करतो आणि त्यांच्याकडे काहीच मागत नाही. पन्नास वर्षे वाडी शिंपलेला माणूस, दहा माणसांचा स्वयंपाक केलेली बाई, पहाटेच्या गाडीने भाजी मुंबईला नेणारी आजी, यांना एकाएकी कुणी काही विचारत नाही. "तुम्ही बसा, आम्ही करतो," हे वाक्य आदराचे आहे. पण रोज ऐकले की त्याचा अर्थ "तुमची आता गरज नाही" असा होऊ लागतो. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला जाताना अनेक घरांत एकच वाक्य कानी पडते : "फादर, देव मला नेत का नाही?" ते प्रत्येक वेळी दुखण्यातून आलेले नसते. बऱ्याचदा ते रिकाम्या हातांतून आलेले असते.

आजचे पहिले वाचन या बाबतीत स्पष्ट आहे. वडिलांचा मान ठेवणारा आपल्या पापांचे क्षालन करतो, आईचा आदर करणारा जणू ठेवा साठवतो, असे बेनसिरा शिकवतो. पुढे तो वडिलांच्या म्हातारपणाविषयी बोलतो. त्यांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांना सांभाळून घ्या, तुम्ही धडधाकट आहात म्हणून त्यांना तुच्छ लेखू नका, असे तो बजावतो. विस्मरणाचा आजार त्या काळीही होता आणि त्याच्यापुढे संयम सुटणारी मुलेही त्या काळी होती, हे यावरून दिसते.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली दोन पत्रे लिहिली. पहिले पत्र त्या वर्षीच्या ईस्टरच्या दिवशी, ४ एप्रिल रोजी, कलावंतांना लिहिले. दुसरे १ ऑक्टोबर रोजी वृद्धांना लिहिले. कलावंतांच्या पत्रात त्यांनी सांगितले की सगळेच काही कलावंत होत नसतात, पण स्वतःचे जीवन घडवण्याची कला देवाने प्रत्येकावर सोपवलेली आहे. वृद्धांना लिहिताना ते स्वतः ७९ वर्षांचे होते, आणि लिहिणारा तो हात कापत होता हे जगाने पाहिले होते. वृद्धापकाळ हा देवाच्या योजनेतला एक काळ आहे, त्यालाही त्याचे काम आहे, हा त्या पत्राचा गाभा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला, तोही याच विचाराने. माणसांना वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी ते वारंवार बोलत आणि त्यात ते वृद्धांचा उल्लेख कधी विसरत नसत.

आपल्या वर्गांकडे या प्रकाशात पाहू या. गेल्या वर्षी बोलावले तेव्हा आपल्या ज्येष्ठांनी मुख्यतः चार अडचणी सांगितल्या. त्या चारही विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण : "या वयात आता काय शिकायचे?"

अमेरिकेत १८६० साली जन्मलेली एक शेतकरी बाई होती. तिला दहा मुले झाली आणि त्यांतली पाचच जगली. लोणी काढणे, मुरांबे करणे, शेत सांभाळणे यांत तिचे आयुष्य गेले. म्हातारपणी ती सुईने लोकरीची चित्रे विणत असे. पुढे सांधेदुखीमुळे सुई धरवेना, म्हणून पंचाहत्तरीनंतर तिने ब्रश हातात घेतला. तिची चित्रे गावातल्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत लावलेली होती. १९३८ साली तेथून जाणाऱ्या एका संग्राहकाने ती पाहिली आणि १९४० साली न्यूयॉर्क शहरात तिचे प्रदर्शन भरले. जग तिला 'ग्रँडमा मोझेस' म्हणून ओळखू लागले. १९६१ साली १०१ व्या वर्षी ती वारली, तोवर तिने पंधराशेहून अधिक चित्रे काढली होती. बर्फात खेळणारी मुले, झाडाचा गोड रस गोळा करणारे शेजारी, घोड्यांच्या घसरगाड्या, असे तिने लहानपणी पाहिलेले हिवाळे त्यांत आहेत. आपल्यापैकी कुणाचे प्रदर्शन न्यूयॉर्कला भरावे म्हणून हे सांगत नाही. ७५ वर्षांच्या आठवणी साठलेल्या माणसाजवळ रंगवण्यासारखे किती असते, हे सांगायचे आहे.

दुसरी अडचण : "माझा हात थरथरतो, नजर नीट नाही."

आंरी मातीस हा फ्रेंच चित्रकार १९४१ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचला. त्यानंतर त्याचा बराचसा काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. मोठे चित्र उभे राहून रंगवणे जमेना, तेव्हा त्याने कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून देत आणि तो त्यांतून पाने, फुले, पक्षी कापत असे. लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून तो भिंतीवर रेघा ओढत असे. १९४२ साली त्याची शुश्रूषा केलेली एक तरुण परिचारिका पुढे डॉमिनिकन धर्मभगिनी झाली, सिस्टर जाक-मारी. तिच्या ओळखीतून व्हांस या गावी धर्मभगिनींसाठी एक चॅपेल बांधायचे ठरले. मातीसने त्याच्या रंगीत काचांचे, भिंतींवरील चित्रांचे, अगदी याजकाच्या वस्त्रांचेही आराखडे केले. १९५१ साली ते चॅपेल प्रभूला अर्पण झाले. १९५४ साली मातीस वारला, तेव्हा तो ८४ वर्षांचा होता, हन्नाएवढाच.

आपल्या वर्गात यासाठी साध्या सोयी केल्या आहेत. ब्रशच्या दांडीला जुने कापड गुंडाळून रबर लावले की ती जाड होते आणि आखडलेल्या बोटांत नीट बसते. कागद चिकटपट्टीने पाटावर पक्का केला की सरकत नाही. पाणी प्लॅस्टिकच्या पेल्यात न ठेवता जड बुडाच्या स्टीलच्या वाटीत ठेवले की लवंडत नाही. खुर्च्या हातांच्या आहेत आणि टेबले खिडकीजवळ, भरपूर उजेडात आहेत. हात थरथरला तर रेघ थरथरेल. थरथरती रेघ समुद्राच्या लाटेला आणि केळीच्या फाटक्या पानाला शोभून दिसते.

तिसरी अडचण : "मला चित्र काढता येत नाही, मी शाळाही धड पाहिली नाही."

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, वारली घरांत लग्नाचा चौक कोण लिहीत आले? सवाशिणी. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून त्याची कुंचली करायची आणि सारवलेल्या भिंतीवर लिहायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी ही कला पिढ्यानपिढ्या जपली. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र काढायला अक्षर यावे लागत नाही. आणि आपल्या बायकांनी तरी आयुष्यभर काय केले? भरतकाम केले, वेदीवरच्या फुलांची मांडणी केली, नाताळचा गोठा सजवला. डोळा आहेच, फक्त कागद नवा आहे.

चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची : "त्यापेक्षा मी जपमाळ म्हणेन."

जपमाळ जरूर म्हणा. वर्गाची सुरुवातही आपण जपमाळेच्या एका दशकानेच करतो. पण देवाला केवळ ओठांचीच प्रार्थना पोचते असे बायबल म्हणत नाही. निर्गमाच्या पुस्तकात मंडपाच्या बांधणीची वेळ आली, तेव्हा देवाने यहुदाच्या वंशातील बसालेलाला नाव घेऊन बोलावले आणि त्याला आपल्या आत्म्याने भरले. हा बसालेल कोण होता? तो याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि दगड घडवणारा कारागीर होता. त्याच्याबरोबर दानच्या वंशातील अहलियाब होता आणि हाताने सूत कातणाऱ्या स्त्रियाही होत्या. हातांचे काम पवित्र आत्म्याचे दान असू शकते, हे देवाने त्या वाळवंटातच दाखवून दिले.

शिवाय चित्र काढायचे म्हणजे आधी पाहावे लागते. जास्वंदीचे एक फूल समोर ठेवून अर्धा तास बसा. रोज वाडीतून जाताना जे दिसले नाही, ते दिसू लागते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने आपण निर्माण केलेले सर्व काही पाहिले आणि ते फार चांगले होते. त्या पाहण्यात आपण थोडे सहभागी होतो. शिमोन आणि हन्ना यांची प्रार्थनाही अशीच होती. दोघे मंदिरात नुसते बसून नव्हते, ते पाहत होते. आजचे शुभवर्तमान लिहिणारा संत लूक स्वतः चित्रकार होता, पवित्र मरियेचे चित्र त्याने काढले, अशी जुनी परंपरा आहे आणि म्हणून चित्रकार त्याला आपला आश्रयदाता मानतात.

गेल्या हिवाळ्यात जे घडले, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. एका आजोबांनी दोन मंगळवार चित्रच काढले नाही. ते नुसता हिरवा रंग कालवत बसले होते. पिवळा घाल, निळा घाल, थेंबभर काळा घाल. शेजारचे हसू लागले. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मान डोलावली. त्यांना पानमळ्यातल्या नागवेलीच्या कोवळ्या पानाचा हिरवा हवा होता, आणि तो मिळाला. तो मळा कधीच मोडला आहे. आता तो हिरवा त्यांच्याच डोळ्यांत शिल्लक होता, आणि आता एका कागदावर आहे.

एका आजींनी विहीर काढली. विहिरीवर रहाटगाडगे, बाजूला बैल, पाटाचे पाणी आणि लाल लुगडे नेसलेली एक बाई. ती विहीर बुजवली गेली आहे, तिच्यावर आज गाड्या उभ्या राहतात. चित्र घरी गेले तेव्हा नातवाने विचारले, "आजी, हे चाक फिरायचे कसे?" आजी सांगत बसली, नातू ऐकत बसला आणि जेवणाची वेळ टळून गेली. कित्येक दिवसांत त्या दोघांचे एवढे बोलणे झाले नव्हते, असे सुनेने येऊन सांगितले. आपली वसई झपाट्याने बदलते आहे. वाड्या गेल्या, विहिरी गेल्या, बोलीतले कित्येक शब्दही त्यांच्याबरोबर जात आहेत. जे गेले ते परत आणणे आपल्या हाती नाही. पण ज्यांनी ते पाहिले त्यांना विचारणे आपल्या हाती आहे, आणि त्यालाही फार वर्षे उरलेली नाहीत.

चित्रकला हे औषध नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक संशोधनांचा आढावा घेतला. कलांचा मनाच्या आणि शरीराच्या आरोग्याला हातभार लागतो, असे त्यातून दिसून आले. पण गुडघे रंगाने बरे होत नाहीत आणि विस्मरणाचा आजार ब्रशने जात नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा. आपला वर्ग ज्याच्यासाठी आहे, त्याला गोळी नाही. पवित्र शास्त्राच्या आरंभीच देवाने पाहिले की मनुष्याने एकटे असणे बरे नाही.

म्हणूनच हे वर्ग जानेवारीत आहेत. पावसाळ्यात शेवाळाने पाय घसरतो, मे महिन्यात उकाडा सोसवत नाही. पण खरे कारण वेगळे आहे. नाताळात घर भरलेले असते. आखातातून, कॅनडातून मुले येतात, नातवंडांचा गोंगाट असतो. मग एक दिवस सगळे विमानतळावर जातात आणि घर एकदम शांत होते. तारा उतरवला जातो, गोठा आवरला जातो. थंडीने सांधे आखडलेले असतात आणि अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. ते दिवस आपल्या ज्येष्ठांना सर्वांत जड जातात. नेमक्या त्या दिवसांत कुणीतरी त्यांची वाट पाहत असावे, एवढीच इच्छा आहे.

आता तरुणांना आणि मुला-सुनांना चार शब्द. गेल्या वर्षी नावे पुष्कळ आली, पण माणसे निम्मीच आली. कारण विचारले तर उत्तर एकच : "सोडायला कुणी नव्हते." मंगळवारी सकाळी अर्धा तास स्कूटर किंवा रिक्षा मिळाली नाही, म्हणून एखादी आजी घरी बसली. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन बेथलेहेमहून यरुशलेमला चालत गेले होते. आपल्याला देवळापर्यंतच यायचे आहे. "मम्मी, आता हे काय खूळ?" असे गंमतीतही म्हणू नका. आणायला जमत नसेल, तर आपल्या लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांना सांगा, युवक मंडळाची मुले येतील.

मदतीला येणाऱ्या युवकांनाही एक विनंती आहे. आजोबांची रेघ वाकडी गेली तर ती सरळ करू नका. त्यांचे चित्र तुमच्या हाताने पूर्ण करू नका. लहान मुलांना म्हणतो तसे नुसते "वा, छान!" म्हणू नका. "हे घर कुणाचे? ही होडी कुठल्या बंदरावरची?" असे विचारा आणि मग थांबून ऐका. येथे स्पर्धा नाही, बक्षीस नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. ज्यांची स्मृती मंदावली आहे, त्यांनाही आणा. त्यांनी एकच रंग कागदभर पसरला, तरी त्यांचा कागद इतरांच्या शेजारीच लागेल. बेनसिराने सांगितलेला संयम म्हणजे हाच.

वर्ग जानेवारीतील चार मंगळवारी, सकाळी १० ते १२ या वेळेत देवळाच्या हॉलमध्ये होतील. वयाची साठी ओलांडलेल्या कुणीही यावे. शुल्क नाही, कागद आणि रंग धर्मग्राम देईल. अंगावर घालायला एक जुना सदरा आणि थंडी असेल तर शाल आणावी. चष्मा विसरू नये. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्याकडे युवक मंडळाची मुले पाट, कागद आणि रंग घेऊन जातील, त्यांची नावे धर्मग्राम कार्यालयात द्यावीत. २ फेब्रुवारी रोजी प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, शिमोन आणि हन्ना यांच्याच दिवशी, आपण मेणबत्त्या आशीर्वादित करतो. त्या दिवशी सर्व चित्रे देवळाच्या ओसरीत लावली जातील. मिस्सानंतर घाईने घरी न जाता ती पाहा, आणि काढणारे शेजारी उभे असतील त्यांना विचारा.

बंधू-भगिनींनो, मरियेने आपल्याजवळचे सर्वांत मौल्यवान ते एका थकलेल्या माणसाच्या हातांत दिले. आपल्याला तेवढे द्यायचे नाही. एक ब्रश, एक कागद आणि आपला थोडा वेळ द्यायचा आहे. पवित्र कुटुंब आपल्या घरांना हे औदार्य शिकवो. आमेन.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे.

१. आमचे पोप महोदय, बिशप, धर्मगुरू व धर्मभगिनी यांनी वृद्ध आणि एकाकी भाविकांना प्रभूच्या मायेची ओळख करून द्यावी, म्हणून आपण प्रार्थना करू या.

२. आमच्या धर्मग्रामातील सर्व आजी-आजोबांना उत्तम आरोग्य व मनाची शांती लाभावी, आणि त्यांच्या आठवणी व अनुभव नव्या पिढीला लाभावेत, म्हणून आपण प्रार्थना करू या.

३. विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेल्यांना आणि त्यांची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना प्रभूने धीर व संयम द्यावा, म्हणून आपण प्रार्थना करू या.

४. नाताळनंतर ज्यांची मुले पुन्हा दूरदेशी जात आहेत, अशा आई-वडिलांना शेजाऱ्यांची सोबत आणि प्रभूची साथ मिळावी, म्हणून आपण प्रार्थना करू या.

५. आता थोडा वेळ शांत राहून आपल्या घरातील ज्येष्ठांची नावे घेऊ या आणि आपल्या वैयक्तिक गरजा प्रभूचरणी ठेवू या.